पलीकडं गेलं की चिन्ह बदलतं

आमच्या शेजारच्या पोरीला नववीत बीजगणित जमेना, म्हणून तिच्या बापाने तिला कळमनुरीतल्या एका क्लासला घातलं. क्लास खताच्या दुकानाच्या वर. संचालक स्वतःला गुरुवर्य म्हणवून घेत आणि भर उन्हाळ्यात कोट घालत. ते वर्गात आले की पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, असा नियम होता. मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण तिला थट्टा सुचण्यासारखे दिवस नव्हते. क्लासच्या परीक्षेत नापास झाली तर सायन्सला घालायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणजे गुरुवर्यांनी ठरवलं होतं आणि बकऱ्या राखणाऱ्या बापाने मान डोलावली होती. पोरीला दवाखान्यातल्या लॅबमध्ये रक्त तपासणारी बाई व्हायचं होतं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी ती गृहपाठ घेऊन माझ्याकडे आली. पहिलंच उदाहरण: तीन एक्स बराबर बारा. तिचं उत्तर: एक्स बराबर नऊ.

“नऊ कुठून आणले गं?”

“तीन पलीकडं गेला ना काका. पलीकडं गेलं की चिन्ह बदलतं. बारा वजा तीन.”

मग तिने मला क्लासची आरतीच म्हणून दाखवली, हात उडवून, ठेक्यात: उडी मारली, चिन्ह बदललं! सगळा वर्ग रोज हे ओरडतो म्हणे. बेरीज-वजाबाकीत ही ओरड खपून जाते. गुणाकारासाठी गुरुवर्यांनी काही रचलं नव्हतं. यमक जुळलं नसावं.

“एक्सच्या जागी नऊ टाकून बघ.”

“नऊ त्रिक सत्तावीस.” ती थांबली. “बारा न्हाई आले.”

“वर्गात असं कधी बघितलं नाहीस?”

“सर ताळा करू देत न्हाईत. टाइम खराब होतो. अन् ज्याला स्वतःवर भरोसा न्हाई, त्योच ताळा करतो म्हणतेत.”

उत्तर तपासायला बंदी घालणारा गणिताचा मास्तर मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की त्याला स्वतःचा धोका बरोबर कळला होता.

“तीन एक्स म्हणजे तेच तीनदा,” मी म्हणालो. “तिन्ही मिळून बारा. मग एक केवढा?”

“चार.” तिने लगेच ताळाही केला. “हे तर सोपं हाय! मंग गाणं काहून म्हणायला लावतेत?”

“सोपं आहे हे कळलं, तर कोटाला कोण विचारेल?”

संध्याकाळपर्यंत तिने सगळी उदाहरणं पुन्हा सोडवली आणि प्रत्येकाखाली ताळा लिहिला.

निकाल पालक मेळाव्यात लागला. बापाने मलाही ओढून नेलं. आधी गुरुवर्यांचा सत्कार झाला. शाल त्यांच्या मेव्हण्याने घातली आणि गुरुवर्यांनी आश्चर्य वाटल्याचं दाखवलं. मग पेपर वाटले. पोरीची सगळी उत्तरं बरोबर होती आणि ती नापास होती.

“आमच्या पद्धतीनं सोडवलं नाही,” गुरुवर्य म्हणाले. “वर प्रत्येक ठिकाणी ताळा. पाया कच्चा आहे.”

“व्हय सर,” बाप हात जोडून म्हणाला, “डोकंच न्हाई तिला.” हाच माणूस बाजारात दात बघितल्याशिवाय बकरी घेत नाही. कोट दिसला की याचे डोळे मिटतात.

पोरगी उभी राहिली. “सर, यातलं कोणतं उत्तर चुकलं?”

“प्रश्न उत्तराचा नाही, संस्काराचा आहे.”

माना डोलल्या. या शब्दाला आमच्याकडे माना आपोआप डोलतात.

“मंग संस्कारात नापास करा ना सर. बीजगणितात काहून केलं?”

मागून एक बाई फिस्सकन हसली, मग बरेच जण. गुरुवर्यांनी तिथल्या तिथे पोरीला क्लासमधून काढून टाकलं.

खाली आल्यावर बाप तिच्यावर धावला. “सगळ्यायपुढं इज्जत घालवली माझी!”

“बाबा, एक तरी उत्तर चुकलं का ते सांगा.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “खरंच समदे बराबर हायेत?”

“सगळी.”

“मंग नापास काहून म्हणले ते?”

मी गावाकडची जीप शोधायला लागलो. बाप आहे, त्याने थोडं तरी स्वतः शोधावं. जीप भरेपर्यंत त्याने पोरीचा पेपर दोनदा उलटून बघितला. गाडी सुटल्यावर, कुणाकडेही न बघता, त्याने विचारलं, “सायन्सला नांदेडलाच ठिवावं लागतं का?”

“हिंगोलीत बी हाय, जवळच,” पोरगी म्हणाली.