हिरवं बटण

सासरे ज्या संस्थेचे सचिव आहेत ती संस्था आजारी माणसांना वॉकर, चाकाची खुर्ची, दवाखान्यातल्यासारखी खाट अशा वस्तू काही दिवस फुकट वापरायला देते. काम सोन्यासारखं. वेबसाइट मात्र अशी, की तिथे वॉकर सोडून बाकी सगळं सापडायचं. ती नव्याने मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण लग्नाआधी मी पुण्यात हेच करायचे आणि आता खामगावात घरी बसले होते.

त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीने मला घरून करायची नोकरी देऊ केली. चार वर्षांनी पहिली. मी उड्या मारत सांगायला गेले, तर सासरे म्हणाले, "कर ना बेटा, काऊन नाही? पण आधी आपलं घरचं काम उरकून टाक, मंग तुही नोकरी." कंपनी महिनाभर थांबायला तयार झाली.

मी आठ दिवसांचा हिशेब धरला होता. पण हा ग्राहक माझ्याच घरात जेवत होता. चहा देताना एक सूचना, वरणावर तूप वाढताना दुसरी. विश्वस्तांची बैठकही आमच्याच घरी. आधी मी पोहे करायचे, मग ओढणीला हात पुसून लॅपटॉप उघडायचे. मंडळी वेबसाइटची पानं छापून आणत आणि लाल पेनाने दुरुस्त करत. वरचा मेनू त्यांनी लग्नपत्रिकेसारखा वाचला. खुर्च्यांचं काम पाहणारे काका वयाने मोठे, म्हणून 'खुर्च्या' आधी आणि 'वॉकर' नंतर. 'अध्यक्षांचे मनोगत' सगळ्यांच्या वर, पत्रिकेत कुलदैवत असतं तसं. चार बटणांची अकरा झाली. बाहेरच्या ग्राहकाला मी चांगलं सुनावलं असतं. इथे मान हलवून बशा उचलत होते. कोंडल्यासारखं व्हायचं, रडू यायचं. नवरा म्हणायचा, "बाबाचं मन राख ना, किती दिवस राह्यले आता."

कंपनीने दिलेल्या महिन्यातले आठ दिवस उरले होते. बैठक चालू असतानाच पिंपळगाव राजा या गावची एक शिवणकाम करणारी बाई तिच्या अम्मीसाठी वॉकर न्यायला आली. मी तिच्या हातात मोबाइल दिला आणि म्हटलं, यात वॉकर शोधून दाखवा. तिने मनोगत उघडलं, बंद केलं, सत्काराचे फोटो पाहिले आणि म्हणाली, "फोटो छान आहेत ताई, पण फोन कोणाले लावाचा? नंबर कुठी आहे?"

मंडळी छापील पानांत नंबर शोधू लागली. मला तर तिला मिठी मारावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी मी अख्खा मेनू खाली ढकलला आणि वर एकच मोठं हिरवं बटण ठेवलं: फोन करा. ते का चांगलं, हे मंडळींना तासभर पटवलं. पहिल्यांदाच कुणी लाल पेन काढलं नाही. त्या आनंदात मी शिरा केला.

मग नंबर कुणाचा द्यायचा, हे निघालं. अध्यक्षांना ऐकू कमी येतं. काका दिवसभर शेतात, तिथे रेंज नाही. सासऱ्यांनी शिऱ्याची बशी खाली ठेवली.

"बेटा, तुहाच टाक. तू त घरीच आहे."

"हाव, हाव," सगळे म्हणाले.

नोकरीचं मी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण सगळे इतके खूश होते, आणि बटण माझंच होतं. मी नंबर टाकला.

एक तारखेला कंपनीची पहिली ऑनलाइन बैठक सुरू झाली आणि वीस मिनिटांत माझा फोन तीनदा वाजला. दोनदा कापला. तिसऱ्यांदा मात्र उचलला. जळगाव जामोदचे एक आजोबा होते, त्यांची बायको न्हाणीत पडली होती. मी माइक बंद करून खाटेचं सगळं समजावून सांगितलं.

"लय सोपं केलं बाई तुमी," ते म्हणाले. "एका बोटात फोन लागला."

मी वर पाहिलं, तेव्हा पडद्यावरची पुण्याची बाई माझं नाव पुकारून दमली होती आणि पुढच्या मुलीची ओळख करून देत होती.