बोटं नाही, मनगट धर

भेटली की आमची बाई हात मिळवत नसे, थेट मनगट धरायची. तुमचंही धरलं असतं. सोडवायला गेलात तर म्हणाली असती, "बोटं घामानं सुटते. मनगट नाही सुटत."

राजूरला, कोळशाच्या खाणींच्या गावात, ती शिवणकाम करायची आणि संध्याकाळी शाळा सुटलेल्या पोरींना कबड्डी शिकवायची. मी आठवीनंतर झरीकडून मावशीकडे आलेली. कोणी जोरात बोललं तरी माझे तळहात भिजायचे.

तिचा राग जुना होता. ती खेळायची तेव्हा निवड करणाऱ्या एका सरांनी तिला जिल्ह्याच्या संघातून काढलं होतं. सगळ्यांदेखत म्हणाले होते, "कोळशाकडच्या पोरी. टेन्शन आलं की साखळी सोडतात." तो विषय निघाला की बाईचं मशीन थांबायचं. "त्याले मैदानातच पाडीन," एवढंच म्हणायची.

म्हणून सराव वेगळाच. आम्ही जोडीनं एकमेकींची मनगटं धरून साखळीत उभ्या, समोरून एकजण चढाईला येणार, आणि बाई मागून कानात घालूनपाडून बोलणार. "भाकरी थापाले जा वं." "बाप तुले कायले पोसते?" मी रडले.

"रड," ती म्हणाली. "पण धरून रड."

ज्या पोरीला जास्त बोलली, तिला सरावानंतर पहिला चहा. मला तिनं कोपऱ्यावर उभं केलं.

"बाई, भेकड आहे ते," बाकीच्या म्हणाल्या.

"म्हणूनच. येणारीचा पाय तिले आधी दिसते."

आता मी पुण्याकडच्या कंपनीत वायरी जोडते. सुपरवायझर मागून खेकसला तरी हात हलत नाही, ही तिची मेहेरबानी. ती गेल्याचा फोनही मी वायरी जोडायच्या लाइनवरच घेतला. रात्री झोप आली नाही, तेव्हा केळापूरचं मैदान आठवत बसले.

तिथल्या स्पर्धेचा अंतिम सामना त्याच सरांच्या संघाशी होता. आम्ही एका गुणानं पुढे, त्यांची शेवटची चढाई. सर बाहेरून ओरडले, "कोपरा कच्चा आहे, तिकडं जा." चढाईची पोरगी माझ्यावरच आली. माझ्या एका हातात जोडीदारणीचं मनगट होतं, दुसऱ्यानं मी त्या पोरीचा घोटा पकडला. दोन्हीतलं काही सोडलं नाही. बाकीच्या येऊन पडल्या आणि शिट्टी वाजली.

बक्षीसही, मंडळाचे मोठे म्हणून, सरांच्याच हातून होतं. ज्यांनी बाईला कधी नाव विचारलं नव्हतं, ते माइकवर तिचं पूर्ण नाव पुकारत होते. कोणी गेलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. मी शोधत बाहेर आले, तर बाई टमटममध्ये बसून आलुबोंडा खात होती.

"बाई, सर बोलवून राह्यले. ढाल घेऊन उभे आहेत."

"राहू दे उभा."

माइकवर परत नाव आलं. सरांचा आवाज आता चिरकत होता. बाईनं सरकून मला जागा केली.

"बस. अजून बोलू दे त्याले."