चार तासांची दिल्ली

निमगावच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना माझ्या वडिलांनी, आबांनी, मला विचारलं, "दिल्ली लांब म्हंजे किती रं? आपलं पान तितं पोचंस्तवर हिरवं राहील का?"

आमचा पानमळा. कुठलंही अंतर आबा पानांच्या करंडीवरच मोजत. मला वाचलेलं सांगायची हौस. मी म्हणालो, मुंबईहून सातशे मैल, विमानानं चार तास. पान कोमेजायचंसुद्धा नाही.

आबा हसले. "अन् आपल्यासारख्याला?"

रेल्वेनं, गावापासून धरलं तर दोन दिवस, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

शेवंता, माझी धाकटी बहीण, शेजारी उभी होती. ती सहावीत होती. ती सातवी पास होईपर्यंत तिच्या लग्नाचा विषय काढायचा नाही, असं आबांनी मला कबूल केलं होतं. त्या शब्दावरच मी दिल्लीच्या कॉलेजची स्कॉलरशिप घेतली. शेवंता हळूच म्हणाली, "मधीच काय ठरलं तर येशील न्हवं, दादा?"

"चार तासांत," मी म्हणालो.

तुमच्यातले जे बाहेर पडले, त्यांना हॉस्टेलचे पहिले दिवस सांगायला नकोत. मेसमध्ये भाकरी नाही, भोवती हिंदी आणि इंग्रजी. डोक्यावरून विमान गेलं की ते मुंबईलाच निघालंय असं मी धरून चालायचो. मग घर जवळ वाटायचं.

सहामाही परीक्षा झाली आणि तार आली. शेवंताचं लग्न, निघून ये. अंगावरच्या कपड्यांनिशी मी गाडी धरली. वाटेत कुठल्याशा स्टेशनावर गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा वरून एक विमान गेलं. त्या वेळी मी वर पाहिलं नाही.

पोचलो तेव्हा चुलतभाऊ बबन मांडवाचे वासे उतरवत होता. नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. त्याबद्दल मिळतं ते उपरणं बबनच्या खांद्यावर होतं. मला काही विचारावं लागलं नाही.

तार पोस्टात अडकली असणार, असं मला खरंच वाटत होतं. आबा मळ्यात पानं खुडत होते. त्यांनी खुडणं थांबवलं नाही.

"अडकली न्हाय. हळद लागल्यावरच केली. आधी केली असती तर तू आला असतास, अन् जमलेलं मोडलं असतं. दोन दिवस लागत्यात, तूच म्हनला हुतास."

दुसऱ्या दिवशी शेवंताच्या सासरी, वरकुट्याला गेलो. शेवंतानं पाणी आणून दिलं. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "इमान चुकलं व्हय, दादा?"

ती हसली. मला हसता आलं नाही.

आता मी पुन्हा दिल्लीत आहे. आबांचा निरोप येतो, आई वाट बघते म्हणून. मीही वाट बघतो, कशाची ते नीट सांगता येत नाही. घर कुठं, असं इथं कुणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगतो. किती लांब, असं विचारलं तर गप्प राहतो. ते एकदा सांगून झालंय.