ह्यांची स्टोअरला बदली

तोंड कुठं उघडावं, ही अक्कल मला चाळिशी उलटली तरी आली नव्हती. हे वाळूजच्या एका कारखान्यात पोलाद तापवायच्या भट्टीवर होते. तिथं बॉम्बच्या कवचांचं नमुन्याचं काम आलं. बाहेर बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. पण मी भाकरी थापता थापता खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "हा छतावर फुटत नाय. जाडजूड सिमेंटचं छत फोडून खाली जातो, तळघरात पोचतो, मग फुटतो. म्हणून त्याचं नाक लई टणक लागतं." झालं. दुसऱ्याच दिवशी गुलमंडीत साड्या बघताना चार अनोळखी बायकांना मी ते नाक असं रंगवून सांगितलं, जसं काही मीच ते परातीत थापून दिलं होतं. त्यातली एक ह्यांच्या साहेबांची बायको निघाली.

आठ दिवसांत हे भट्टीवरून स्टोअरला. हातमोजे अन् पाने वाटायला. "का हो?" विचारलं, तर "झाली बदली," एवढंच. कारण मला ठाऊक होतं, पण कबूल करायचा धीर होईना. साऱ्या गल्लीशी गप्पा हाणणारी मी, तेवढं एक वाक्य गिळून बसले. त्यांनी घरात कामाचं नाव काढलं नाही, मीही विचारलं नाही. अशी वीस वर्षं गेली… अलीकडं टीव्हीवर कुठल्याशा लढाईतले तसलेच बॉम्ब डोंगराच्या पोटात शिरताना दाखवले, की हे उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. राग अजून गेलेला नाही, असं समजून मी आवाज कमी करायची.

सव्वा महिन्यापूर्वी दुपारच्या चहाला हाक मारली, ते उठलेच नाहीत. आता मी दोन्ही खोल्यांत एकटीच बोलत हिंडते. "जरा गप बस," म्हणणारं कुणी नाही…

परवा लासूर स्टेशनहून ह्यांचे भट्टीवरचे जोडीदार कडुबाभाऊजी भेटायला आले. जे ह्यांना सांगायचं राहिलं, ते मी त्यांच्यापुढं सगळं ओतलं. भाऊजींनी कप खाली ठेवला अन् म्हणाले,

"वहिनी, तुमच्यामुळं काय झालं नाय. महिनाभर आधीच त्यानं बदलीचा अर्ज दिला व्हता. मला म्हणला, तळघरात कोण बसलेलं असंल, आपल्याला काय ठाऊक. अन् बदली झाल्यावर म्हणला, घरी सांगू नको, ती गुलमंडीत लई मिरवून आलीया, उगं हिरमुसंल."