फळ्यावरची वेळ

भिंगारच्या बाजारात एका चहाच्या हॉटेलाबाहेर दोन खिळ्यांवर काळा फळा टांगलेला असायचा. त्यावर भज्यांचे भाव नसायचे, माणसांच्या वेळा असायच्या. दर रविवारी सकाळी वेशीपासून नाल्याच्या पुलापर्यंत पळत जायचं आणि परत यायचं, बरोबर एक मैल. कुणीही यावं, पळावं. फी नाही, बक्षीस नाही, तालमीत असते तशी तेलाची वर्गणीही नाही. एका निवृत्त हवालदारांनी एकाहत्तरची लढाई संपल्यावर हे सुरू केलं होतं. लष्करात भरती होऊ पाहणारी पोरं यायची, डेपोतले कामगार यायचे आणि पन्नाशीचा एक टेलरही यायचा, ज्याला कुठेच भरती व्हायचं नव्हतं. पळून झालं की प्रत्येकाचं नाव आणि वेळ फळ्यावर चढायची आणि पुढच्या रविवारपर्यंत तिथेच राहायची.

ती वेळ मोजणारा आणि लिहिणारा मी. प्राथमिक शाळेत मास्तर होतो, अक्षर बरं होतं आणि पळण्याच्या नावाने आनंद होता. हवालदारांनी लष्करी सामानाच्या लिलावात घेतलेलं स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं तेव्हा मला कलेक्टर झाल्यासारखं वाटलं. पद्धत ठरलेली होती. हवालदार शिट्टी मारायचे आणि सायकलवरून पोरांच्या मागोमाग पुलापर्यंत जायचे, कुणी मधूनच वळू नये म्हणून. शिट्टीबरोबर मी बटण दाबायचं. पोरं परत येतील तशी मी वेळ ओरडायची आणि हॉटेलवाल्याने ती वहीत टिपायची. दुसरं घड्याळ तिथे कुणाकडे नव्हतं.

पळणाऱ्यांत माझा धाकटा भाऊ होता. मॅट्रिकला दोनदा आपटलेला. वडील गेल्यावर घर माझ्या पगारावर आणि आईच्या पापड-कुरडयांवर चाललं होतं, आणि बहात्तर सालच्या त्या दुष्काळात कुरडया विकत घेणार कोण? त्याची उंची, छाती सगळं मापात होतं, फक्त दम कमी पडायचा. आधीच्या भरतीत तो पळण्यातच बाद झाला होता. आता एकच भरती उरली होती. त्यानंतर त्याचं वय निघून जाणार होतं, आणि मग सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडण्याशिवाय त्याच्यापुढे काही दिसत नव्हतं.

हवालदार म्हणायचे, "सहा मिनटाच्या आत आला तर शिपाई. न्हाईतर घरी जाऊन आईला पानी भरू लाग." भावाला सहा मिनिटं वीस लागायची, कधी पंचवीस. फळ्यावर तो सगळ्यात खाली, नाहीतर खालून दुसरा. लोकही असे द्वाड की फळा खालूनच वाचायचे. मी मंडईत गेलो की भाजीवाला तराजू धरून विचारायचा, "काय मास्तर, तुमचा भाऊ खालून पयला आला म्हनं!"

एका रविवारी टेलरने त्याला मागे टाकलं. टेलर आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. त्याने सगळ्यांना चहा पाजला आणि बायकोला बाजारात आणून फळा दाखवला. भाऊ त्या दिवशी जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "दादा, मी पळतो, पन माजं नाव नको लिहू. तेवढं कर."

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात विषय काढला. म्हटलं, फळ्यावर पहिली तीन नावं लिहू, बाकीच्यांची कशाला? आपलं पळणं फुकट आहे, सगळ्यांसाठी आहे, मग लोकांची अब्रू बाजारात कशाला टांगायची? लाजेने पोरं यायची बंद होतील.

हवालदारांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "वरच्या तिघांना ठावं असतंय की ते वर हायेत. फळा खालच्यासाठी हाय, मास्तर. आपन किती कमी पडतो, हे त्याला कळाया नको? लाजंनं कुनी मरत न्हाई."

टेलर तर माझ्यावर भडकलाच. "माझं नाव पुसलं तर मी यायचा न्हाई. आख्ख्या भिंगारात माझं नाव दुसरं कुटं लिवलंय, सांगा बरं!"

मी हरलो आणि हरल्याचा मला फार राग आला. आमच्या शाळेत दर वर्षी नापासांची नावं मीच खणखणीत आवाजात वाचून दाखवायचो. तेव्हा मी एकही नाव कधी गाळलं नव्हतं. स्वतःच्या भावाचं नाव आलं तेव्हा मला अब्रू आठवली. हे मला तेव्हाही कळत होतं. कळूनही मी जे करायचं ते केलंच.

पुढच्या रविवारी शिट्टी वाजली आणि मी बटण दाबलं नाही. मनात दहा आकडे म्हटले, मग अंगठा दाबला. बस्स. सगळ्यांच्या वेळा दहा-दहा सेकंदांनी उतरल्या. क्रम जिथल्या तिथे राहिला, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. भावाची वेळ सहा चौदा लागली. तो खालून दुसराच होता, पण त्याने फळ्याकडे तीनदा पाहिलं आणि घरी येऊन रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या दोन भाकऱ्या चटणीशी खाल्ल्या. आईने मला विचारलं, "काय झालं रे याला?" मी म्हटलं, "सुधारतोय."

मग मला ते सोडवेना. त्याची प्रगती हळूहळू दिसली पाहिजे म्हणून मी कधी पंधरा मोजायचो, कधी वीस, कधी त्याहून जास्त. धीर आला की पायात बळ येतं, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि खोटं कशाला बोलू, माझा त्यावर विश्वासही होता. दिवाळीपर्यंत भाऊ पाच बावन्नवर आला. हवालदारांची छाती तर दोन इंच फुगली. "तांबडा मिलो खाऊन पोरं घोडी झाली," असं ते हॉटेलात येईल त्याला सांगायचे आणि मी चहात तोंड खुपसून बसायचो. चोराच्या मनात चांदणं. कुणी माझ्या हाताकडे पाहिलं तरी मी अंगठा मुठीत लपवायचो.

भरतीची तारीख लागली, गुरुवारची. त्याच आठवड्यात श्रीरामपूरहून मामांचं पत्र आलं. तिथल्या एका शाळेत शिपायाची कायम जागा होती. मामांनी शब्द टाकला होता, पण भरतीच्या आधीच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. भरतीसाठी थांबलं तर ती जागा जाणार. त्या दुष्काळात कायम जागा! आईने पत्राला हात लावून नमस्कार केला.

मी त्या दिवशी त्याच्या किती मागे लागलो. जागा धर म्हटलं, भरतीचा काय भरवसा म्हटलं, आईची शपथ घातली. तो हसायला लागला. "दादा, येडा का काय तू? भरतीचा नसंल भरवसा, घड्याळाचा तर हाय ना? फळ्यावर बघ की. तूच लिहितो नव्हं?"

आई सुपात मिलो निवडत बसली होती. आम्ही तिघंच घरात होतो. मला एवढंच म्हणायचं होतं की फळ्यावरची वेळ खोटी आहे. एक वाक्य. मी दाराशी गेलो, परत आलो, तांब्याभर पाणी प्यालो. मनात येत होतं, हवालदार काय म्हणतील, बाजार काय म्हणेल, शाळेत पोरांसमोर कसा उभा राहू? आणि त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी उजेड आला होता, तो माझ्या हाताने कसा घालवू? त्याने मामांना नकाराचं पत्र लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं, "चुका बघ जरा." मी चुका काढून दिल्या. पत्र पेटीत टाकायलाही मीच गेलो. पेटीच्या तोंडात हात घालून उभा होतो, पत्र सोडवत नव्हतं, आणि मागून एकजण म्हणाला, "मास्तर, आटपा."

गुरुवारी मी रजा टाकून मैदानाच्या तारेबाहेर उभा राहिलो. पोरांचे गट पाडून पळवत होते. वेळ संपली की दोन जवान शेवटच्या रेषेवर दोरी आडवी धरायचे. दोरीच्या आत आला तो पुढे, बाहेर राहिला तो घरी.

भाऊ गटात मागच्या बाजूला होता, पण चेहरा अगदी निवांत. आपली वेळ त्याला माहीत होती ना! शेवटच्या वळणासाठी दम राखून, दर रविवारच्या चालीने तो पळत होता. मला राहवेना. तार धरून मी ओरडलो, "पळ! अरे, जोरात पळ!" त्याने माझ्या आवाजाकडे मान वळवली, हसला आणि हात वर केला. घाबरू नको, असं मला सांगत होता तो. मग त्याने वेग घेतला. फार छान घेतला. एवढ्या जोरात पळताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. दोरी आडवी झाली तेव्हा तो सहा-सात पावलं मागे होता.

दोरीला छाती लावून तो तसाच उभा राहिला. जवान त्याला बाजूला हो म्हणत होता आणि तो जवानाच्या हातातल्या घड्याळाकडे बघत होता. मी तिथेच तारेखाली बसलो आणि रडलो. लोकांना वाटलं, भावाच्या मायेने रडतोय.

घरी आल्यावर तो म्हणाला, "माजंच चुकलं, दादा. दम राखायच्या नादात मागं राह्यलो." मी हूं म्हटलं. श्रीरामपूरची जागा तोवर भरली होती. चार दिवसांनी त्याने घमेलं आणि हातोडी घेतली आणि तो दुष्काळी कामावर गेला, रस्त्याची खडी फोडायला.

त्या भरतीतून आमची आणखी दोन पोरं परत आली होती, फळ्यावर सहाच्या आत असणारी. हवालदारांना अन्न गोड लागेना. त्यांना वाटलं, रस्ता मोजण्यात आपलीच चूक झाली. मोजणीखात्यातल्या ओळखीच्या माणसाकडून साखळी आणून त्यांनी वेशीपासून पुलापर्यंत भर उन्हात रस्ता पुन्हा मोजला. साखळीचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं. रस्ता बरोबर निघाला. मग ते स्टॉपवॉच घेऊन नगरला घड्याळजीकडे गेले आणि संध्याकाळी माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"रस्ता बी बराबर हाय, घड्याळ बी बराबर हाय," ते म्हणाले. "मंग राह्यलं कोन, मास्तर?"

मी खाली मान घातली. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"फळा उतरवलाय मी," ते म्हणाले. "पोरांना मीच सांगीन की माझी मोजनी चुकली. तुमची नोकरी हाय. पन भावाला तुमी सांगायचं. त्यो सोताला खात बसलाय."

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी सायकल काढली आणि दुष्काळी कामावर गेलो. दुपारची सुट्टी होती. भाऊ खडीच्या ढिगाच्या सावलीत बसला होता, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. शिट्टी, अंगठा, मनातले आकडे, सगळं. तो मारेल, असं वाटलं होतं. त्याने मारावं अशीच माझी इच्छा होती.

त्याने बोटाची सुटलेली चिंधी घट्ट बांधली. मग म्हणाला, "किती उशिरा दाबायचा?"

"कधी दहा, कधी वीस. कधी जास्त."

"घड्याळावर बघून?"

"नाही. मनात मोजून."

"पाच बावन्न लिहिलं, त्या दिवशी किती सोडले हुते?"

"आठवत नाही."

"थोडं तरी आठव की."

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. त्या दिवशी शिट्टी वाजली तेव्हा मी काय मोजलं, भरभर मोजलं का सावकाश, काही म्हणजे काही आठवेना. वहीत खोट्या वेळा होत्या. खरी वेळ मी कधी लिहिलीच नव्हती.

"भरतीत नुसती दोरी लावत्यात, टायम सांगत न्हाईत," तो म्हणाला. "मागं रविवारच्या पळन्यात किती हुतो आन् तितनं किती सुधारलो, का सुधारलोच न्हाई, मला कसं कळायचं? मी खरा किती हुतो, दादा?"

मुकादमाची शिट्टी झाली. तो उठला, हातोडी घेतली आणि माझ्या उत्तराची वाट बघत तसाच उभा राहिला.