इनव्हॅलिड स्थळ

सक्करदऱ्याच्या एका खाजगी शाळेत चारुशीला घाटे तिसरीचा वर्ग शिकवायच्या. शाळा बंद पडली आणि त्या ‘शुभयोग’ वधूवर सूचक केंद्रात लागल्या. महाल भागात एका औषधाच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की हे केंद्र. मालक अनंतराव. त्यांचा स्वभाव असा, की शेजाऱ्यानं पंखा घेतला तर हे कूलर घेणार. सत्त्याऐंशी साली धंतोलीतल्या एका केंद्रानं ‘पत्रिका शास्त्रोक्त जुळवून मिळेल’ अशी पाटी लावली. त्यावर अनंतरावांनी पाटी रंगवली, ‘लग्न जुळवा संगणकाने’. पाटी आधी रंगली, संगणक मागून आला.

आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला. लोकांना दिसावा म्हणून अनंतरावांनी त्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवलं. चारुशीलाबाईंना मान वाकडी करून वाचावं लागे. संध्याकाळी घरी गेल्या की भावजयीकडून मानेला तेल लावून घेत.

प्रोग्रॅम लिहिला ओमप्रकाशनं. तिशीतला, सदरला राहणारा, कामात वाघ. पण दिवसभर मशीनशी बोलून बोलून माणसांशी बोलायची त्याची सवय पार मोडली होती.

पहिल्याच आठवड्यात कन्हानचे देवाजी आले. तिथे त्यांची लाकडाची टाल होती. सोबत मुलगी प्रेमलता, नुकतीच बी.ए. झालेली. संगणक पाहणार म्हणून तिला नवी साडी नेसवून आणली होती.

देवाजींनी अटी सांगितल्या. मुलगा सरकारी नोकरीत हवा, उंच हवा, एकुलता एक हवा, पण घर कसं माणसांनी भरलेलं हवं. चारुशीलाबाईंनी सगळं भरलं. मशीन थोडा वेळ घरघरलं आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली.

“काय म्हणून राहिलं वं?” देवाजींनी लेकीला विचारलं.

प्रेमलतानं वाचलं, “नो मॅच. रेकॉर्ड इनव्हॅलिड. कॅन्सल? वाय ऑर एन.”

“इनव्हॅलिड म्हंजे?”

ती लाल झाली. “म्हंजे... निकामी.”

“निकामी?” देवाजी खुर्ची सारून उठले. “माह्या पोरीले निकामी म्हंते? काहून? अजून वर मान करून पाह्यलं नाही यानं तिले!”

हे अभद्र वाक्य आधी पुसावं म्हणून चारुशीलाबाईंनी घाईघाईनं कॅन्सलला ‘हो’ म्हटलं. लगेच दुसरा प्रश्न आला, ‘अबॉर्ट कॅन्सलेशन?’ प्रेमलतानं पहिला शब्द वाचला आणि पदर तोंडाला लावला. अनंतरावांनी मागून डोकावून तोच शब्द वाचला.

“नाही म्हणा बाई, नाही म्हणा!” ते ओरडले. “कुमारिकेसमोर हे असलं काय विचारतं हे?”

बाईंनी ‘नाही’ दाबलं. म्हणजे रद्द करणं थांबवायचं नाही, म्हणजे रद्दच करायचं, हे मशीनला बरोबर समजलं. प्रेमलता नावासकट, उंचीसकट, बी.ए.सकट नाहीशी झाली. देवाजी जिना उतरले ते सगळ्या महालाला ऐकू येईल असं बोलत.

दुसऱ्या दिवशी ओमप्रकाशला बोलावणं गेलं.

“मॅडम, मशीन बरोबर बोलली,” तो म्हणाला. “मुलीला काही नाही बोलली ती. रेकॉर्डला बोलली.”

“आणि रेकॉर्डवर नाव कोणाचं?”

त्यानं कोरा कागद बाईंपुढे सरकवला. मग म्हणाला, “ठीक आहे, तुम्ही लिहून द्या. मी टाकून देतो.”

बाईंना तेवढंच हवं होतं. दोन दिवस बसून त्यांनी मजकूर केला. मशीनला फक्त इंग्रजी अक्षरं कळत, म्हणून ओमप्रकाशनं तो त्याच अक्षरांत चढवला. ‘सप्रेम नमस्कार. आपल्या अपेक्षांस अनुरूप असे स्थळ सध्या उपलब्ध नसल्याचे कळविताना आम्हांस अत्यंत खेद होत आहे, तथापि आपण खचून न जाता...’ असा तो खालपर्यंत गेला. पहिलं गिऱ्हाईक एक निवृत्त मास्तर होते. ते ‘अत्यंत खेद’पाशी आले आणि उठून उभेच राहिले. “कोण गेलं हो?” त्यांनी हळूच विचारलं.

ओमप्रकाश हसला नाही, पण त्याला खोकला आला. बाईंना राग आला, आणि तो स्वतःचाच आला.

मग त्या आठवडाभर मजकूर सोडून माणसं बघत बसल्या. कोणी पूर्ण वाचत नव्हतं. पहिले दोन शब्द वाचायचे आणि बाईंच्या तोंडाकडे बघायचे. त्यांना एवढंच हवं असे, मिळालं की नाही, आणि आता काय करू?

नव्या मजकुरात नमस्कार गेला, खेद गेला. ‘अजून जुळलं नाही’ असं लिहिलं, तर इंग्रजी अक्षरांत ‘ळ’चा ‘ल’ झाला आणि अनंतरावांना ते ‘जुलाब’ दिसलं, म्हणून तोही शब्द गेला. शेवटी उरलं ते असं: ‘अजून स्थळ मिळालं नाही. तुमची माहिती आमच्याकडे आहे. एक दाबा, अट बदला. दोन दाबा, थांबा.’

“हे ‘अजून’ कशाला?” ओमप्रकाशनं विचारलं.

“ते नसलं तर माणूस पुन्हा यायचा नाही.”

त्यानं ‘अजून’ ठेवलं.

रविवारी बाई स्वतः बस धरून कन्हानला गेल्या, टालीवर बसून चहा प्यायल्या, देवाजींची हातापाया पडून माफी मागितली. पुढच्या आठवड्यात देवाजी लेकीला घेऊन आले. माहिती नव्यानं भरली. मशीन घरघरलं. प्रेमलतानं मोठ्यानं वाचलं.

“हे बरं बोलते आता,” देवाजी खूश झाले. “एक दाब. सरकारी नसला तरी चालते म्हणा.” आणि ते अनंतरावांकडे वळून सागवानाचा भाव सांगू लागले.

प्रेमलतानं बाईंपुढून हात घालून दोन दाबलं. पडद्यावर आलं, ‘बरं. तुम्ही सांगाल तेव्हा पुन्हा शोधू.’

“कोणतं दाबलं वं?”

“थांबा म्हटलं, बाबा. मले एम.ए. करायचं हाये.”

“घरी काहून नाही सांगितलं?”

“कोणी विचारलंच नाही. यानं विचारलं.”

देवाजींनी मशीनकडे पाहिलं, अनंतरावांकडे पाहिलं, आणि शेवटी चारुशीलाबाईंवर नजर रोखली. “बाई, तुम्ही लग्न जुळवाले बसल्या का मोडाले?”

कन्हानच्या बसमध्ये ते लेकीला सोडून पुढच्या सीटवर जाऊन बसले. पण जूनमध्ये स्वतःच तिला एम.ए.च्या प्रवेशासाठी घेऊन आले, आणि नातेवाइकांत मात्र सांगत सुटले, “आमचं म्हणणं नव्हतं गा. संगणकानं सांगितलं, अजून योग नाही.”

अनंतरावांनी ‘थांबा’ काढून टाकायचा आग्रह धरला. बाईंनी काढलं नाही. ओमप्रकाश आता आपले दुसरेही प्रोग्रॅम त्यांना दाखवायला आणू लागला, चहावर तासन्‌तास भांडू लागला. रक्त तपासणाऱ्या एका डॉक्टरांसाठी त्यानं एक केला होता. त्यात तपासणी संपली की ‘टर्मिनेट पेशंट?’, म्हणजे पेशंटला संपवू का, असं येई. बाईंनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली, तो शब्द खोडला आणि त्या पेशंटला सुखरूप घरी पाठवलं.