बिनचहाची वस्ती

"एक मिनिट हं मावशी, कव्हर काढते," असं म्हणून सिस्टर भिंतीकडे तोंड करायच्या. दातांवरचं प्लास्टिक नखानं सोडवायच्या, डबीत ठेवायच्या आणि मग वळून चहाची बशी हातात घ्यायच्या. नवीन घरात हे पाहून म्हाताऱ्या हळहळायच्या, "एवढ्या लवकर कवळी लागली व्हय पोरीला?"

सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई. मी गावची आशा सेविका. जळकोटच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आम्ही दोघी मिळून फिरायचो. नर्सबाई तुम्हीही पाहिल्या असतील, लसींचा डबा आणि खांद्याला पर्स घेऊन उन्हातून भराभरा चालणाऱ्या. आमच्या सिस्टरांच्या पर्समध्ये ही डबी जास्तीची, एवढाच फरक.

त्यांची चाळिशी उलटली होती आणि वरचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. सोलापूरच्या दातांच्या डॉक्टरांनी तारा न लावता पारदर्शक साचे करून दिले होते. एक साचा झाला की पुढचा, असं करत दात हळूहळू ओळीत यायचे. खातापिताना साचा काढायचा, एरवी दिवसरात्र तोंडात. त्याला अलायनर म्हणतात. सिस्टर आपलं मोबाइलसारखं कव्हरच म्हणायच्या.

माझी जीभ जरा तिखट. मी एकदा विचारलंच, "या वयात कुणाला दाखवायचेत हो दात?"

त्या रागावल्या नाहीत. "माझ्या लग्नाचा फोटो आहे ना ताई, त्यात मी ओठ गच्च मिटून बसलेय. परवा लेक म्हणाली, आई, तुला हे लग्न नको होतं का? असं काही नव्हतं हो. मी लई खूश होते त्या दिवशी."

पुढं मी त्यांची चेष्टा पुष्कळ केली, पण दातांवरून कधी नाही.

अडचण होती ती चहाची. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय घरच्या बाईला चैन पडत नाही. सिस्टरही घेत, घरोघर घेत. "चहा अर्धा झाला की बाई बोलायला लागते," असं त्या म्हणत, आणि ते खरंच होतं. पाळी चुकलेली, नवऱ्यानं हात उचललेला, लोहाच्या गोळ्या उकिरड्यावर टाकलेल्या, सगळं अर्ध्या कपानंतर बाहेर पडायचं. त्यामुळं कव्हर मात्र तोंडात कमी आणि डबीत जास्त. शेवटी एक साचा दातांवर नीट बसेचना. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर केलेलं सगळं फुकट जाईल. त्या रात्रभर झोपल्या नसाव्यात, कारण सकाळी डोळे सुजवून आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आजपासून चहा बंद."

नेमकं त्याच दिवशी आम्ही मेंढक्यांच्या वस्तीवर गेलो. तिथल्या सुंदरामावशींची सून दिवसांत होती, आठवा लागलेला, पायांवर सूज. मावशींनी चहा पुढं केला. सिस्टर म्हणाल्या, "नको मावशी, आज नको."

मावशींनी कप तसाच मागं घेतला. "आमच्या घरचा च्या चालत न्हाय व्हय तुमाला?" सिस्टर काही सांगायला गेल्या, पण मावशी आत निघून गेल्या आणि सून बाहेर आलीच नाही.

चार दिवसांनी पुन्हा गेलो, तर मावशी दारातच उभ्या. "सून म्हायेरला गेली." आत भांडी वाजत होती.

सिस्टर उंबऱ्याजवळ खाली बसल्या. या खेपेला भिंतीकडं वळल्या नाहीत. सगळ्यांदेखत कव्हर काढलं आणि तळहातावर ठेवलं. "मावशी, माझे दात वाकडे आहेत. ते सरळ व्हावेत म्हणून हे घालते. चहा प्यायचा तर काढावं लागतं, म्हणून नको म्हणाले. तुमच्या घराला नाही. आता टाका चहा, साखर जरा जास्तच घाला."

मावशींनी ते प्लास्टिक वाकून पाहिलं. "दुखतं का गं?"

"दुखतं. नवीन घातलं की भाकरी चाववत नाही."

"आन् तरी घरोघर च्या पितीस?"

"पिते."

मावशींनी चहा टाकला. कप अर्धा झाला, तोवर सून आपणहून येऊन शेजारी बसली. बीपी भलतंच वाढलेलं निघालं. गाडी बोलावून त्याच दुपारी तिला तुळजापूरला नेलं. तिथं तिला मुलगी झाली, मायलेकी दोघी सुखरूप घरी आल्या.

पुढच्या खेपेला मावशी रिकाम्या हातानं बाहेर आल्या. "आज च्या न्हाय. वस्तीवर कुणीच देणार न्हाय, म्या सगळ्यास्नी सांगून ठिवलंय. र्‍हाऊ दे ते तोंडात, आन् बोल."

सिस्टरांचे डोळे भरून आले. आलेल्या माणसाला नुसतं बसवून ठेवायचं म्हणजे आमच्या बायांना केवढं जड जातं, हे मी तुम्हाला काय सांगावं! एकेक बाई येऊन अपराध्यासारखी हात मांडीवर ठेवून बसायची. पण बोलायच्या मात्र, अगदी मनातलं बोलायच्या.

दात जवळजवळ ओळीत आले होते, थोडे साचे उरले होते, तेवढ्यात सिस्टरांची परंड्याकडं बदली झाली.

नव्या सिस्टर वयानं लहान आहेत. पहिल्यांदा वस्ती फिरून झाल्यावर मावशींच्या अंगणातच मला हळूच म्हणाल्या, "ताई, कसली माणसं हो ही? एका घरानं चहा विचारला नाही."

मावशींच्या कानावर ते गेलंच. त्या ओशाळल्या, आत गेल्या आणि चुलीवर पातेलं ठेवलं. मी मागोमाग गेले. मावशी पाण्याला आधण येण्याची वाट बघत बसल्या होत्या. माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "परंड्याकडच्या बायास्नी कुणी सांगितलं आसंल का गं, तिला च्या देऊ नगा म्हणून?"